कवाइती फौज आणि जुने सरदार

तारीख १४ जानेवारी १७६१. पानिपतच्या मैदानावर त्या दिवशीं मराठ्यांची छावणी उजाडण्यापूर्वींच हालूं लागली होती. दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडल्यासारखी पडलेली ती सेना उपासमारीनें जेरीस आली होती, आणि आतां शेवटचा सामना द्यावयाचा असा निश्चय झाला होता. त्या दिवसाची एक हकीकत काशीराज पंडितानें लिहून ठेविली आहे. काशीराज हा सुजाउद्दौल्याच्या पदरीं असून लढाईच्या वेळीं शत्रूच्या गोटांत हजर होता. तो सांगतो कीं, गारद्यांचा सरदार इब्राहिमखान सदाशिवरावभाऊंकडे आला आणि त्यानें एका जुन्या रुसव्याची आठवण दिली. आपल्या लोकांचा पगार महिन्याच्या महिन्यास मिळावा असा हट्ट त्यानें आजवर धरला होता, व त्यामुळें भाऊंची त्याच्यावर नाराजी झाली होती. या महिन्याचा पगार तर मिळालाच नव्हता. परंतु त्याची तक्रार न करतां आज खाल्ल्या मिठास जागावयाचें, एवढेंच सांगून तो आपल्या पलटणींकडे निघून गेला.

बोलल्याप्रमाणें त्यानें केलें. डाव्या बगलेवर गारद्यांनीं रोहिल्यांची दाणादाण उडविली, आणि तें करतांना त्यांच्या बहुतेक पलटणी गारद झाल्या. खान स्वतः जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडला व पुढें कैदेंत मारला गेला. अशा इमानी आणि उपयोगी माणसाबद्दल स्वतःच्याच छावणींत इतकी नाखुषी कां असावी? लढाईचा त्याचा नवा प्रकार जुन्या सरदारांच्या डोळ्यांत कां खुपावा? या प्रश्नाचें उत्तर केवळ पानिपतापुरतें नाहीं. जेथें जेथें बरीच माणसें एका शिस्तीनें एकत्र काम करतात, मग ती फौज असो, कचेरी असो, कीं कारखाना असो, तेथें तेथें नव्या रीतीस विरोध होतो. आणि त्याचें कारण मराठी फौजेच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच इतरत्र दिसत असेल.

जुनीं माणसें हटवादी असतात, त्यांस नवें कांहीं नको असतें, हें उत्तर सोपें आहे व म्हणूनच तें वारंवार दिलें जातें. परंतु मराठे सरदारांच्या बाबतींत तें टिकत नाहीं. याच सरदारांनीं तोफा आपल्याशा केल्या, दूरदूरच्या मुलखांतील घोडे विकत घेतले, उत्तरेंतील डेरे, अंबाऱ्या आणि छावणीचा थाट उचलला. नव्या वस्तूचा त्यांस तिटकारा नव्हता. मग कवाइती पायदळाचाच काय तो तिटकारा कां? हें समजण्यासाठीं जुनी रीत काय होती आणि त्या रीतीवर कोणाकोणाचा संसार उभा होता, हें आधीं पाहिलें पाहिजे.

मराठी घोडदळांतील स्वार दोन प्रकारचे असत. बारगीर हा सरकारी पागेंतील घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचें घोडें व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येई. शिवाजी महाराजांच्या कारकीर्दींत पागेचा मान अधिक होता. पुढें पेशवाईंत मुलूख वाढला, मोहिमा लांबच्या झाल्या, आणि फौजेचा मोठा भाग शिलेदारांचा व सरंजामी पथकांचा बनला. शिलेदाराचें घोडें हेंच त्याचें भांडवल होतें. मोहिमेच्या आरंभीं नालबंदी म्हणून कांहीं रक्कम त्याच्या हातीं पडे. बाकीचा हिशेब मागाहून होई, आणि तोहि पुष्कळदां तुंबून राही. मध्यंतरीं गांवचा सावकार होताच. अशा स्थितींत घोडें लढाईंत पडलें, तर शिलेदाराची शिलेदारी गेली. उद्यां त्यास दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसावें लागे, किंवा घरीं जाऊन नांगर धरावा लागे. तेव्हां शत्रूच्या तोफांसमोर उभें न राहतां त्याची रसद तोडणें, त्याचा चारापाणी जाळणें, त्यास दमवून दमवून मग घाव घालणें, ही युद्धाची पद्धत त्याच्या घरच्या जमाखर्चाशींहि जुळणारी होती. गनिमी कावा ज्यास म्हणतात त्याच्या मुळाशीं सह्याद्रीचे डोंगर जसे होते, तसेंच शिलेदाराचें हें एकुलतें एक घोडेंहि होतें.

शिलेदारांच्या वरचा सरदार, त्याचें भांडवल म्हणजे सरंजाम. अमुक इतका घोडा चाकरीस ठेवावा व त्यासाठीं अमुक मुलखाचा वसूल खावा, हा करार. तो कागदावर कसाहि असला तरी व्यवहारांत बापाकडून मुलाकडे जाई. दरबारांत कोणाचा शब्द किती चालावयाचा, मसलतींत कोणास आधीं विचारावयाचें, लुटींत कोणाचा वांटा केवढा, हें सर्व त्याच्या पथकांत किती घोडा आहे यावर ठरे. म्हणजे घोडा ही केवळ युद्धाची सामग्री नव्हती. मानपानाची सगळी उतरंड त्या घोड्यावर रचलेली होती.

या उतरंडींत गारदी आला. हैदराबादेस फ्रेंच सेनापति बुसी यानें जी कवाइती पलटण उभारली, तिच्या तालमींत इब्राहिमखान तयार झाला होता. गारदी हा पायानें चालणारा, एका रांगेंत उभा राहणारा, हुकमासरशीं बंदूक झाडणारा शिपाई. १७६० च्या आरंभीं उदगीरच्या मोहिमेंत त्याच्या तोफांनीं व बंदुकांनीं निजामाचें सैन्य असें भाजून काढिलें कीं सुमारें ६० लाखांचा मुलूख व दौलताबादेसारखा किल्ला पेशव्यांच्या पदरांत पडला. भाऊंनीं हें डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांचा नव्या पद्धतीवर विश्वास बसला, तो अनुभवानें बसला.

परंतु गारद्याबरोबर तीन गोष्टी आल्या, आणि त्या तिन्ही जुन्या माणसांस झोंबणाऱ्या होत्या. पहिली, रोख पगार. ज्या शिलेदाराचा हिशेब वर्षानुवर्षें तुंबलेला, त्याच्या डोळ्यांदेखत कालच्या परक्या पायदळास महिन्याच्या महिन्यास पैसा मोजला जावा, हें त्यास कसें रुचावें? दुसरी गोष्ट, परका माणूस. याच गारद्यांपैकीं मुजफरखान यानें १७५९ सालीं खुद्द भाऊंच्या जिवावर उठण्याचा कट केला होता व त्याबद्दल त्यास देहान्त शासन झालें होतें. पैशासाठीं आज येथें, उद्यां तेथें जाणाऱ्या लोकांवर सेनेची मदार ठेवावी काय, हा प्रश्न त्यामुळें कोणासहि वेडगळ वाटण्यासारखा नव्हता. आणि तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. पायदळ व तोफा मध्यें ठेवून भोंवतीं घोडदळाचा गोल करावयाचा, आणि तो गोल न मोडतां संथपणें पुढें सरकावयाचें, अशी नवी युद्धरीत होती. ज्या स्वाराचें सारें कसब घोडा सोडण्यांत आणि वेळीं माघार घेण्यांत, त्यानें आतां गोळ्यांच्या माऱ्यांत घोडा आवरून उभें राहावयाचें, आणि तेंहि पायीं चालणाऱ्या गारद्याच्या रक्षणासाठीं! घोड्याचा धोका त्याचा, आणि यशाचा मान दुसऱ्याचा.

मल्हारराव होळकरांनीं या मोहिमेंत जी सल्ला दिली ती या पार्श्वभूमीवर वाचावी. बायकामुलें, बुणगे आणि जड सामान मागें सुरक्षित ठेवावें, आणि हलक्या फौजेनिशीं जुन्या रीतीनें अबदालीस जेरीस आणावें, असें त्यांचें म्हणणें होतें. सुरजमल जाटाचेंहि मत तसेंच होतें. भाऊंनीं तें मानलें नाहीं. मल्हाररावांचें वय तेव्हां साठीच्या पुढें होतें, व उत्तर हिंदुस्थानांतील लढायांचा अनुभव त्या छावणींत त्यांच्याइतका कोणासहि नव्हता. त्यांच्या सल्ल्यांत स्वार्थ नव्हता असें नाहीं. पण शहाणपण नव्हतें असेंहि नाहीं. ती मसलत बाजूस पडली, आणि ज्यांच्या हातून नवी रीत पार पाडावयाची होती त्यांचीं मनें तिच्यांत कधीं आलींच नाहींत.

त्याचा परिणाम रणांगणावर दिसला. रोहिल्यांवर गारद्यांचा मारा चालू असतां विठ्ठल शिवदेव विंचूरकर व दमाजी गायकवाड यांच्या पथकांनीं उतावीळपणें पुढें घोडे घातले, त्यामुळें गोल फुटला आणि आपल्याच तोफांसमोर आपलेच स्वार आले, असें मराठी इतिहासकार सांगतात. या स्वारांस भ्याड म्हणतां येणार नाहीं. ते जुन्या रीतीप्रमाणें शूरपणानेंच वागले. गोलाचा हुकूम त्यांस मिळाला होता, पण गोल त्यांच्या अंगवळणीं पडलेला नव्हता. त्या एका मैदानावर एकाच सेनेंत दोन युद्धपद्धति नांदत होत्या, आणि एक दुसरीच्या आड येत होती. पानिपतच्या पराभवास उपासमार, उत्तरेंतील मित्रांची उणीव, अबदालीचें राखून ठेवलेलें ताजें सैन्य, अशीं इतर मोठीं कारणें आहेतच. तरी हें कारण लहान नव्हे.

पानिपतानंतर जुन्या मंडळींस आपलेंच म्हणणें खरें झालें असें वाटलें, व बारा वर्षांनीं त्यांच्या संशयास आणखी बळ मिळालें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा खून केला. थकलेल्या पगाराचा बोभाटा करीत ते आंत घुसले. कारस्थान घरच्यांचें होतें, पण हात गारद्यांचे होते. आणि तेव्हांपासून गारदी हा शब्दच मराठींत शिवीसारखा झाला. नव्या पद्धतीचें नांव एका रात्रींत बदनाम होण्यास याहून अधिक काय लागतें?

याच काळांतील एक उलट उदाहरण मात्र ध्यानांत घेण्याजोगें आहे. तोफाहि नव्याच होत्या, खर्चिक होत्या, हालचालीस जड होत्या. तरी पेशव्यांच्या तोफखान्यास तसा विरोध झाल्याचें दिसत नाहीं. तो तोफखाना पानसे घराण्याकडे होता. पानसे हे दरबारचे ओळखीचे, मानकऱ्यांच्या पंक्तींतील. त्यांचें काम वाढलें म्हणून इतर कोणाचा घोडा कमी झाला नाहीं, कोणाची बैठक खालीं सरकली नाहीं. तोफ जुन्या उतरंडींत एक पायरी होऊन बसली. गारदी मात्र ती उतरंडच हालवीत होता. विरोध शस्त्रास नव्हता. त्या शस्त्राबरोबर कोण वर जाणार आणि कोण खालीं येणार, यास होता.

हें मर्म अर्ध्यापर्यंत ओळखलें तें महादजी शिंद्यांनीं. पानिपतावरून पायास कायमची जखम घेऊन ते परतले होते. पुढें इंग्रजांशीं झालेल्या युद्धांत १७७९ सालीं वडगांवास जुन्या पद्धतीचा विजय त्यांनीं पाहिला, आणि लगेच १७८० व १७८१ सालीं ग्वाल्हेर व माळव्याच्या बाजूस कवाइती पलटणींचा तडाखाहि खाल्ला. १७८४ सालीं त्यांनीं सॅव्हॉय प्रांतांतील द बॉयन नांवाच्या लष्करी माणसास नोकरीस ठेवून दोन पलटणी उभारण्यास सांगितलें. येथें त्यांचा शहाणपणा असा कीं, त्यांनीं जुन्या सरदारांस गोलांत कोंबलें नाहीं. त्यांचें घोडदळ त्यांच्याकडे राहिलें, त्यांची रीत त्यांच्याकडे राहिली. नवी फौज तिच्या शेजारीं, लहान आकारांत, वाढूं दिली.

१७८७ सालीं लालसोटच्या मोहिमेंत पगाराचा प्रश्न पुन्हां आडवा आला. बादशाही पलटणी थकलेल्या पगारासाठीं बिथरल्या आणि तोफांसह शत्रूस जाऊन मिळाल्या. द बॉयनच्या दोन पलटणी तेवढ्या जागच्या हालल्या नाहींत. या धड्यावरून महादजींनीं दुआबांतील मुलूख कवाइती फौजेच्या खर्चासाठीं जायदाद म्हणून वेगळा तोडून दिला. पगार ठरल्या वेळीं मिळूं लागला. जखमी व अपंग शिपायांचीहि तरतूद झाली. आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना चालूं लागला. मग १७९० सालीं जून महिन्यांत पाटण व सप्टेंबरांत मेडता येथें या कंपूंनीं राजपुतांच्या नामांकित घोडदळास हरविलें. दोनांचे पुढें तीन कंपू झाले. १७९३ सालीं लाखेरीवर होळकरांच्या फौजेशीं गांठ पडली. तोंवर होळकरांनींहि द्युद्रनेक या फ्रेंच माणसाकडून पलटणी तयार करविल्या होत्या. त्या लाखेरीवर धुळीस मिळाल्या. ज्या घराण्यानें पानिपतावर जुन्या रीतीचा आग्रह धरला होता, त्यानेंहि नवी रीत पत्करली, पण ती पटली म्हणून कीं शेजाऱ्याच्या भयानें, हा प्रश्न उरतोच.

महादजींनीं पगाराचा प्रश्न सोडविला. मानाचा व भरवशाचा प्रश्न त्यांच्या हातून राहिला. कंपूंतील शिपाई बहुतेक दुआब, अयोध्या, रोहिलखंड या भागांतील. त्यांवरचे अधिकारी युरोपियन. दक्षिणेंतील मराठा तरुण पायदळांत जाणें कमीपणाचें मानी, आणि गेला तरी कंपूच्या सरदारकीपर्यंत चढण्याची वाट त्याच्यासाठीं बांधलेली नव्हती. नवी विद्या घरांत आली, पण घरच्या कोणीं ती शिकली नाहीं. ती पगारी माणसांच्या डोक्यांत राहिली. १७९४ च्या फेब्रुवारींत महादजी वारले. गादीवर पोरसवदा दौलतराव आले, द बॉयन स्वदेशीं निघून गेला, आणि त्याच्या जागीं पेराँ आला. ज्या लखबादादांनीं महादजींच्या वेळीं कंपूंच्या खांद्यास खांदा लावून लढाया जिंकल्या होत्या, तेच लखबादादा महादजींच्या विधवांच्या पक्षास मिळून शिंद्यांच्याच फौजेविरुद्ध उभे राहिले, आणि त्यांचा पाडाव करण्यास पेराँ गेला. जुना सेवक बंडखोर ठरला, व परका चाकर मुलखाचा धनी झाला. हा विरोध कवाइतीस नव्हता. कवाइतीच्या जोरावर जी सत्ता परक्या हातीं गेली तिला होता.

१८०३ सालीं त्याची किंमत द्यावी लागली. इंग्रजांनीं जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरींतील अधिकाऱ्यांस आपल्याकडे येण्याचें आमिष दाखविलें. पुष्कळ अधिकारी निघून गेले. सप्टेंबरांत खुद्द पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. अलीगड पडलें, दिल्ली पडली. २३ सप्टेंबर रोजीं असईवर शिंद्यांच्या पलटणींनीं व तोफांनीं वेलस्लीच्या लहानशा सैन्याचीं सुमारें १६०० माणसें ठार व जखमी केलीं. पण हजारोंच्या संख्येनें जवळ असलेलें मराठी घोडदळ त्या झुंजींत जवळजवळ उपयोगी पडलें नाहीं. १ नोव्हेंबरास लासवारीवर, आपले युरोपियन अधिकारी सोडून गेले असतांहि, शिंद्यांचे शिपाई व गोलंदाज तोफांपाशीं उभ्या उभ्या मेले. त्यांच्या शौर्याची तारीफ जिंकणाऱ्या लेकनें केली. पानिपतावर जसें पायदळ एकटें पडलें होतें, तसेंच बेचाळीस वर्षांनीं येथेंहि एकटें पडलें. शस्त्रें सुधारलीं होतीं, तालीम सुधारली होती. घोड्यावरचा आणि पायावरचा शिपाई यांच्यामधील अंतर मात्र तेवढेंच राहिलें होतें.

येथें जुन्या सरदारांच्या बाजूचा एक साक्षीदार अनपेक्षित ठिकाणाहून येतो. मराठ्यांनीं पायदळाच्या व युरोपियनांच्या नादीं न लागतां आपलें हलकें घोडदळच राखलें असतें, तर ते अधिक भारी गेले असते, असें मत असई जिंकणाऱ्या वेलस्लीनेंच बोलून दाखविलें. पुढल्याच वर्षीं यशवंतराव होळकरांनीं कर्नल मॉन्सनच्या सैन्याचा माघार घेतांना जो पाठलाग केला व त्याची जी वाताहत केली, ती पाहतां हें मत अगदींच पोकळ म्हणतां येत नाहीं. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस डीग व फर्रुखाबाद येथें त्याच होळकरांस हार खावी लागली. म्हणजे नुसती जुनी रीत पुरी पडत नव्हती, आणि नुसती नवीहि पुरी पडत नव्हती. दोहोंचा सांधा जुळविणें हेंच खरें काम होतें, आणि तें जुन्या माणसांस विश्वासांत घेतल्याशिवाय होण्यासारखें नव्हतें.

नवी रीत आली कीं जुना माणूस मनांत तीन प्रश्न विचारतो. आपलें पोट कशावर चालणार? आपलें स्थान कोठें राहणार? आणि जो हें नवें घेऊन आला आहे तो उद्यां आपल्याबरोबर असेल काय? हे प्रश्न तो क्वचितच उघडपणें बोलतो. तो नव्या रीतीचे दोष काढतो, जुन्याचे दाखले देतो, हुकूम ऐकतो पण अंग राखून वागतो. वरच्यास वाटतें, हा हटवादी आहे. कचेरींत नवी वही, नवा तक्ता आला, किंवा कारखान्यांत नवें यंत्र आलें, तरी हाच प्रकार घडतो. ज्या कारकुनाचें सारें महत्त्व कोणता कागद कोणत्या रुमालांत आहे हें तोंडपाठ असण्यांत होतें, त्यास नवी व्यवस्था सोयीची म्हणून सांगून काय उपयोग? ती सोय इतरांची; त्याचें तर घोडेंच पडलेलें असतें.

भाऊंनीं या तीन प्रश्नांपैकीं एकाचेंहि उत्तर आपल्या सरदारांस दिलें नाहीं. त्यांच्याजवळ वेळहि नव्हता. महादजींनीं नव्या शिपायाच्या पोटाचें उत्तर दिलें आणि जुन्या सरदारास त्याच्या जागीं राहूं दिलें, म्हणून त्यांस दहा वर्षें यश मिळालें. परंतु त्या दोघांस एकत्र आणणारी, शिलेदाराच्या मुलास नव्या फौजेंत मानानें चढतां येईल अशी वाट कोणीच बांधली नाहीं. जी सुधारणा घरच्या माणसांच्या हातांत उतरत नाहीं, ती कितीहि चांगली असली तरी पाहुणी म्हणून राहते, आणि आणणारे गेले कीं त्यांच्याबरोबर निघून जाते.

विरोध करणारा नेहमींच बरोबर असतो असें नाहीं. मल्हाररावांची रीत पुढच्या शतकास पुरणारी नव्हती, हें कालांतरानें ठरलें. पण विरोधांत माहिती असते. कोणाचें काय जाणार आहे, हें विरोध करणाऱ्यास सुधारकापेक्षां आधीं कळलेलें असतें. तें विचारून घेतलें, त्याची भरपाई केली आणि मग पाऊल टाकलें, तर वेळ अधिक लागतो. पण गोल ऐन वेळीं फुटत नाहीं. पानिपतावर दोघांचीहि गाऱ्हाणीं ऐकून घेण्यासारखीं होतीं, आपल्या लोकांच्या पगारासाठीं भांडणाऱ्या इब्राहिमखानाचें आणि आपलें एकुलतें एक घोडें जपणाऱ्या शिलेदाराचें. तीं मसलतींत एकत्र कधीं बसलींच नाहींत, आणि मग रणांगणावर त्यांची गांठ पडली.